लाल कडेची चौकट

पोतनीसांनी आजवर नर्सिंग कॉलेजात प्रवेश घेतलाय, लग्नासाठी हॉल ठरवलाय आणि कुत्र्याचं लायसन्सही काढलंय. कुत्रा नाही, लग्न नाही, वय बावन्न. आमच्या एम. पी. नगरातल्या ऑफिसात वेबसाइटचे फॉर्म बनतात आणि फॉर्म तपासताना पोतनीस स्वतःचीच खरी माहिती भरतात. आम्ही 'एबीसी' टाकून मोकळे होतो. "खोटं नाव घालून काय कळणार?" ते म्हणतात. "खरा माणूस बसवून बघावा."

जँगोतून, म्हणजे आम्ही वापरतो त्या पायथॉनच्या फ्रेमवर्कमधून, फॉर्मच्या चौकटी उघड्याबोडक्याच येतात. त्यांना रंग, रुंदी, कडा देणं हे पोतनीसांचं काम. मी एकदा सुचवलं, चार ओळींत सगळ्यांना एकच स्टाइल लावता येते. ते भडकलेच. "सगळ्यांना एकच सदरा? शाळा आहे का ही?" मग पत्त्याची चौकट ऐसपैस, पिनकोडची आटोपशीर, असं दिवसभर चालायचं. अगदी वीट आणतो हा माणूस.

गेल्या महिन्यात एका विश्रामघाटाच्या, म्हणजे स्मशानाच्या, ट्रस्टचं काम आलं. अंत्यसंस्काराची वेळ ठरवायचा फॉर्म. मृताच्या नावाच्या चौकटीत पोतनीसांनी बिनदिक्कत 'अविनाश पोतनीस' लिहिलं. मला कसंसंच झालं.

"अहो, निदान इथे तरी!"

"त्याला काय होतंय?"

पण पुढची चौकट, 'अग्नी देणाऱ्याचं नाव', रिकामीच. रिकामी राहिली की लाल कड यावी, हे त्यांनीच ठरवलेलं. दुपारभर ते त्या कडेशी खेळत बसले. आधी गडद, मग विटकरी, मग फिकट गुलाबी.

साहेब ओरडत आले. "पोतनीसजी, ट्रस्टवाले नीचे आ गए हैं! भर दो ना कुछ भी, सोनू-मोनू!"

"कुछ भी कैसे भर दें, सर?"

"आज ये फँसा, तो कल से मत आना."

फॉर्म पुढे सरकेना. आई गेल्यापासून बाग सेवनियातल्या पोतनीसांच्या दोन खोल्यांत दुसरं कुणी नाही, हे मला ठाऊक होतं.

मी कीबोर्ड ओढला आणि तिथे माझं नाव लिहिलं. लाल कड गेली. खाली नवी चौकट उघडली, 'मृताशी नातं'. मुलगा, भाऊ, पुतण्या, जावई.

ट्रस्टवाले दारात आले होते. साहेब हात जोडून पुढे धावले. पोतनीस माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "नुसतं फॉर्मपुरतं नको. खरं सांगा. भाऊ लिहू?"