ठकीचे डोळे आणि समितीची नजर

चार महिन्यांच्या ठकीचे डोळे हलत. डोळे सगळ्यांचेच हलतात. पण ठकी आईकडे बघत पडलेली असली तरी तिची बुबुळं आडवी थरथरत राहत. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मेंदूचा स्कॅन लागेल. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, आधी डोळे नीट तपासा. स्कॅन म्हणजे गुंगी देणं आलं. ठकीची आई त्या विचारानंच अर्धी झाली. एवढ्याशा जिवाला झोपवायचं कशाला आणि न झोपवावं, तर पोरीला आपण दिसतो की नाही हे कळायचं कसं?

सबब, प्रकरण तपासणी-निश्चिती समितीकडे गेलं. अध्यक्ष हाडांचे डॉक्टर होते, कारण त्या दिवशी मोकळे तेवढेच होते.

ठकीच्या बाबानं मोबाइलवर काढलेला व्हिडिओ भिंतीवर मोठा करून लावण्यात आला. समितीनं तो गंभीरपणे पाहिला.

"डोळे हलतायत खरे," मेंदूवाले म्हणाले, "पण पाळणाही हलतोय. मागचं कपाटही."

"कपाटाला हा विकार जन्मजात असणं अवघड आहे," अध्यक्षांनी निर्वाळा दिला. "व्हिडिओ कुणी काढला?"

बाबानं हात वर केला. हात थरथरत होता. अख्खी समिती पुढे वाकली.

"अहो, ठकी इथंच आहे," आई म्हणाली. "माझ्या मांडीवर. तिच्याकडे बघा ना!"

"ताई," अध्यक्ष म्हणाले, "प्रत्यक्ष बाळ ग्राह्य धरता येत नाही. व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा बघता येतो. बाळाचं तसं नाही."

बाबाच्या हाताच्या नसा तपासल्या, रक्त काढलं. हात का थरथरतो, असं विचारल्यावर तो म्हणाला, "घाबरलोय साहेब." म्हणून हृदय तपासलं. तेही घाबरलेलंच निघालं. मग आनुवंशिकतेचा मुद्दा आला आणि आजीला आत बोलावलं.

"तुमच्या घरात आणखी कुणाचे हात थरथरतात?"

"ह्याच्या बापाचे. भांडी घासायला सांगितली की."

आजोबांना बागेतल्या बाकावरून उठवून आणलं आणि थेट स्कॅनच्या मशीनमध्ये सरकवलं. मशीन धडधडत होतं, तरी ते गुंगीशिवाय गाढ झोपले. इतकी शांतता त्यांना घरी कधी लाभली नव्हती. बाहेर काढायला गेलेल्यांना त्यांनी "आणखी थोडं" म्हणून परत पाठवलं.

अखेर समितीचा निष्कर्ष आला. मुलीच्या डोळ्यांच्या काळजीमुळे वडिलांचा हात थरथरतो. मुलीची तपासणी झाल्याशिवाय काळजी जाणार नाही. काळजी गेल्याशिवाय हात स्थिर होणार नाही, हात स्थिर झाल्याशिवाय स्वच्छ व्हिडिओ मिळणार नाही आणि स्वच्छ व्हिडिओ मिळाल्याशिवाय तपासणीला मंजुरी नाही.

"अगदी निर्दोष झालाय," डोळेवाले कौतुकानं म्हणाले.

तेव्हा ठकीची आई उठली. टेबलाला वळसा घालून तिनं लेक अध्यक्षांच्या नाकासमोर धरली. ठकीनं त्यांच्या चष्म्याकडे पाहिलं. बुबुळं आडवी थरथरली.

"अहो!" अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले. "हिचे डोळे हलतायत!"

"हो."

"मग इतके दिवस लपवून का ठेवलंत? ताबडतोब व्हिडिओ काढा!"

बाबानं मोबाइल उचलला.

ही हकीकत मी चारचौघांत बऱ्याचदा सांगितली आहे. लोक पोट धरून हसतात, हसून हसून आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसतात आणि विचारतात, "मग आजोबा मशीनमधून बाहेर आले का?" तुमच्याही ओठांवर तेच आलं असेल, तर लाजू नका, समितीत एक जागा रिकामी आहे. ठकीला तिची आई दिसते का, हे मला अजून कुणीही विचारलेलं नाही.