सात फुटांची दोरी

"नवशीचं नाव कमी करा," वर्गाच्या दारातूनच लाहू म्हणाला. "बकरी कोन चारील?"

वर्षा मॅडमनी खडू खाली ठेवला. तलासरीजवळच्या त्या पाड्यावर सातवीचा पट होता बावीस. त्यात न अडखळता सत्तावीसचा पाढा म्हणणारी लाहूची नवशी एकटीच.

"अहो लाहूभाऊ, बकरी खुंटीला बांधा की."

"बांधली तं दोरीला वेढे मारते नि अडकून बोंबलत बसते. चाऱ्यासमोर उपाशी! शनवारपासून पोरगी रानात जाईल."

बकरीचं नाव धाकली. बाप सांगून थकला, पण ती फक्त नवशीच्या मागे जायची. शाळेतसुद्धा.

मॅडम चिखल्याहून रोज दोन गाड्या बदलून येत. त्यांच्या हातात एकच दिवस होता, शुक्रवार, आणि परसबागेसाठी आलेले पाचशे रुपये. त्यांनी फळ्यावर गणित घातलं: पाचशेत सगळ्यात मोठी बाग कोण बसवतो?

साठ रुपयांची वांग्याची साठ रोपं. उरले चारशे चाळीस. जाळी दहा रुपये फूट, म्हणजे चव्वेचाळीस फूट. मनिषने लगेच चौकोन काढला. "बाजू अकरा. एकशे एकवीस चौरस फूट. झालं!"

"गोल केला तं?" नवशी म्हणाली. "त्रिज्या सात. एकशे चोपन्न."

"तेहतीस फूट जास्तीचे? कुठून आनलेस, मामाच्या घरून?"

"तुझ्या कोपऱ्यांतून. तिथं जाळी फुकट जाते."

जमिनीवर गोल काढायला कंपास कुठला? नवशीने धाकलीच्या गळ्यातली दोरी सोडली. मोजली, तर नेमकी सात फूट! आता काही लोक म्हणतील, गोष्ट सांगणारा हा म्हातारा थापा मारतो. म्हणोत. बांबूची गुळगुळीत खुंटी मधोमध ठोकली. दोरी खुंटीभोवती फिरावी म्हणून फास सैल ठेवला आणि राखेने गोल आखला. रोपं लागली, जाळी उभी राहिली. आत जायला हातभर फट तेवढी ठेवली.

तेवढ्यात खिचडीची घंटा झाली.

पोरं ताटल्या घेऊन धावली. नवशी मात्र त्रिज्या दुप्पट केली तर क्षेत्रफळ चौपट कसं होतं, या विचारात. समोर मोकळी बकरी, हाताशी मोकळी दोरी. डोकं गणितात गुंतलेलं. हातांनी रोजचं काम केलं. धाकलीला खुंटीच्या दोरीला बांधून नवशी खिचडीला गेली.

परत येऊन बघतात तो साठ रोपं गायब. जाळीच्या आत गवताची काडी नाही, बाहेर एक पान हललेलं नाही. मधोमध धाकली डोळे मिटून रवंथ करत बसलेली.

"मॅडम," मनिष हळूच म्हणाला, "धाकलीचं उत्तर पन एकशे चोपन्नच आलं."

कुणी हसलं नाही. नवशी रडत होती. पाचशे रुपयांची बाग बकरीच्या पोटात, आणि नाव कमी झालं का बघायला फाटकातून लाहू येत होता.

लाहू जाळीभोवती एक फेरी मारून आला. आत शिरला, बकरीचं पोट चाचपलं. ढोल!

"हिला राखली कोनी?"

"कोनी नाय," नवशी हुंदका देत म्हणाली. "मी खात होते."

"मंग वेढे कसे नाय पडले?" लाहूने दोरी ओढली. सैल फास खुंटीभोवती गरकन फिरला. लाहूने तो पुन्हा फिरवला. आणखी एकदा. मोठा माणूस नवं खेळणं सापडल्यावर करतो तसं.

"उद्या खुंटी कुठं ठोकायची?"

"चौदा फुटांवर," नवशीने डोळे पुसले. "गोलाला गोल टेकतो."

लाहूने बोटाने मातीत चार गोल काढले. मग मॅडमकडे वळला. "नि ह्या चौघांच्या मधलं गवत? ते कोनाचं?"

मॅडम मातीत आकडे मांडू लागल्या. नवशीचे ओठ हलले. चौदा चोक... चौदा चौदे एकशे शहाण्णव, वजा एकशे चोपन्न. "बेचाळीस फूट, बा. धाकलीला पुरत नाय तिथं."

"येवढं सोडायचं?" लाहू अस्वस्थ झाला.

शनिवारी तो आपल्या वाफ्यातली साठ रोपं घेऊन आला आणि लावून टाकली. लेंड्यांचं खत आयतंच पडलेलं होतं. ते काही अंदाजपत्रकात धरलेलं नव्हतं. मग शाळेमागच्या गवतात धाकलीला सैल फासाने बांधलं आणि विळा घेऊन स्वतः वर्गाच्या खिडकीखाली बेचाळीस फूट कापायला बसला. विळा फारसा चालत नव्हता. आत त्रिज्या चालली होती.

"मॅडम," मनिषने विचारलं, "आज हजेरी बावीस की तेवीस?"

खिडकीखालून आवाज आला, "चोवीस लिवा. धाकली पन हाय."