बसलेली वाचा

हळदीच्या बाजारात सौदे पुकारणारे दत्ताजी आवटी यांची वाचा सकाळी बसली, ती आमच्या अपघात विभागाबाहेरच्या बाकावर. आवटींना स्ट्रेचरवरून आत घेतलं. वाचा मात्र तिथेच टेकली आणि उठेना.

स्कॅन झालं, मेंदूतली गुठळी औषधाने विरघळली, हातपाय हलू लागले. तोंडातून मात्र शब्द नाही. बसलेल्या वाचेला इंजेक्शनने उठवावं की बोलून, यावर आमच्याकडे संशोधन चालू आहे. कोणाला काय मिळणार ते चिठ्ठी टाकून ठरतं. आवटींच्या चिठ्ठीत ‘बोलून’ निघालं. दिवस मावळेपर्यंत उठली नाही तर वाचा कायमची बसते, हे आमच्या विभागप्रमुख डॉ. गद्रे मॅडमनी आवटींच्या पत्नीला, विमलबाईंना, स्पष्ट सांगितलं.

समजूत घालायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

“अगं, ऊठ बाई,” मी म्हणालो.

वाचेनं तोंड फिरवलं.

“डॉक्टर, अगं-तुगं करू नका!” विमलबाई कडाडल्या. “वाचा ह्यांची आहे. लग्नापासून मी ह्यांना अहो म्हणत आलेय.”

“पण वाचा स्त्रीलिंगी आहे,” मी म्हणालो. व्याकरणात मी कच्चा नाही.

“असेल. मान ह्यांचाच.”

मॅडमना विचारलं. संशोधनाच्या नियमांत संबोधन ठरलेलं नव्हतं, तेव्हा त्यांनी परवानगी दिली.

विमलबाई पदर खोचून बाकावर बसल्या. “अहो, उठा. जन्मभर मला घालूनपाडून बोललात, मी ऐकून घेतलं. पण मुकं घर मला चालायचं नाही. तुम्ही उठल्याशिवाय मी इथनं हलायची नाही.”

जेवणाची वेळ टळली. चहा आला, तो त्यांनी वाचेपुढे सरकवला. मी म्हटलं, जरा पडा तरी. “तुम्ही तुमचं बघा,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा, “अहो, उठा.” मला त्यांचा राग आला आणि कौतुकही वाटलं. ऊन उतरलं तरी बाईंचा सूर खाली आला नाही.

शेवटी वाचा उठल्या. तोवर आम्हीही त्यांना मानानंच संबोधू लागलो होतो. त्या सावकाश आत गेल्या, मागोमाग विमलबाई.

आवटींनी घसा खाकरला.

“अहो,” ते म्हणाले, “घरी चला.”

कोणाला बोलावतायत म्हणून विमलबाईंनी मागे वळून पाहिलं. मागे फक्त भिंत होती.