माझ्या पसंतीचा कंडेन्सर

आमच्या जावयाचं वागणं मला बिलकूल पसंत नाही. बन्सीरावांच्या तोंडून 'नाही' म्हणून निघत नाही! सावेडीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, हातात कसब आहे. पण सासूपुढं मान अशी खाली, जणू जमिनीवर स्क्रू सांडलेत!

त्या गुरुवारी सहा वाजता रेडिओवर शेळ्यांच्या रोगांवरची माझी मुलाखत लागणार होती. एकदाच! जाऊबाई साळूबाईंसकट सगळी आळी मी ओट्यावर आणून बसवली. सेल संपले होते. "घरचा जावई रेडिओवाला असताना सेल कशाला?" मी सगळ्यांदेखत म्हणाले. बन्सीरावांनी सेलांऐवजी घरच्या विजेवर रेडिओ चालवणारा एलिमिनेटर स्वतः बनवून आणला होता.

लावला, तर नुसतं घूंऽऽ!

"आक्का, तुमच्या आधी भुंगाच बोलायला बसला का?" साळूबाई म्हणाल्या.

"कंडेन्सर बारका पडतोय," बन्सीराव म्हणाले. "वीज हिसके देत येते. कंडेन्सर ती साठवून एकसारखी सोडतो, मग पुढचा रेग्युलेटर नऊ व्होल्ट देतो."

त्यांनी सुट्या सामानाची पिशवी ओतली. तीस वर्षं घोडेगावच्या बाजारात जनावरं पारखलेली मी! सगळ्यात जाडजूड कंडेन्सर उचलला.

"हा घाला. अंगानं भरलाय."

"मामी, याच्यावर दहा व्होल्ट लिवलंय…"

"मग? रेडिओला नऊच लागत्यात. एक वरच हाय की!"

"पण रेग्युलेटरच्या आधी सतरा येत्यात…"

"बन्सीराव, मी निवडलाय!"

"हो," म्हणाले, जोडला, आणि तीन पावलं मागं सरकून उभे राहिले. मला वाटलं, मान देतायत!

घूं थांबलं! आवाज कसा, खणखणीत! रेडिओवरची बाई सांगू लागली, "आज आपल्याशी बोलणार आहेत कोल्हारच्या अनुभवी शेळीपालक श्रीमती—"

फट्टाक!

घरभर धूर, कुजक्या मासळीसारखा वास, आणि साळूबाईंच्या अंबाड्यात फुटलेल्या कंडेन्सरमधल्या कागदाच्या चिंध्या! रेडिओ मुका.

"छान बोललात हो. थोडक्यात," साळूबाई अंबाडा झटकत म्हणाल्या.

मी जावयाकडं वळले. "फुटंल हे ठावं हुतं तुमाला?"

"हो."

"मग बोलला का न्हाई?"

"तुमी निवडलेला. सासूचा शब्द कसा मोडायचा?"

आता जावयाला टाकून बोलायचं नसतं, आणि निवड कुणाची हे सगळ्या आळीनं ऐकलेलं. तरी मी बोललेच, "बन्सीराव, मानपान धोंड्याच्या महिन्यात! कंडेन्सर घालताना सासूला सरळ येडी म्हणायचं!"