आधी खोकून दाखवा

आमच्या गिल्डमध्ये यायचं असेल तर आधी खोकावं लागतं.

मी थट्टा करत नाही. तुमच्याकडे सोन्याची तलवार असो की उडता घोडा असो, आमचे प्रमुख धोंडीबामामा माइकवर एवढंच म्हणणार, "खोक बघू." समोरचा गडबडतो. "जी? क्या?" मामा शांत. "खोक, खोक. लाजू नगं." मग पुण्यातला, नागपुरातला कुणी शिकलेला माणूस आपल्या खोलीत बसून निमूट खोकतो. मामा डोळे मिटून ऐकतात आणि निकाल देतात. "आत घ्या." किंवा "ह्याच्या छातीत खोट हाय. नगं."

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हा मोबाइलवरचा खेळ आहे. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं. कुणी योद्धा होतो, कुणी जादूगार, कुणी जखमा बऱ्या करणारा वैदू. सगळ्यांनी मिळून टोळी करायची, राक्षस मारायचे, किल्ले घ्यायचे. टोळीला गिल्ड म्हणतात. आमच्या गिल्डचं नाव 'वाघर'. माळावर मेंढरं बसवताना भोवती जी जाळी लावतात ती वाघर. नाव अर्थातच मामांनी ठेवलं, कुणालाही न विचारता. ह्या हुकूमशाहीचा मी तेव्हाच निषेध नोंदवला होता.

मामांचा उभा जन्म मेंढरांमागं गेला. मेंढरू विकत घेताना त्याचं तोंड उघडून दात बघायचे आणि बरगडीत बोटं दाबून त्याला खोकायला लावायचं, ही त्यांची रीत. माइकवरून दात दिसत नाहीत, खोकला ऐकू येतो. म्हणून खोकायचं.

आता मेंढरं नाहीत. का नाहीत तेही सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. आमच्या रिहे गावच्या ज्या माळावर ती चरायची, त्या माळाला कुंपण पडलं. आत फार्महाऊस झालं, निळं गेट बसलं, पोहण्याचा तलाव झाला. कळप विकावा लागला. आणि मालकाने त्याच गेटच्या राखणीला कुणाला बसवलं? मामांना! ज्याचा माळ त्यालाच त्याचा पहारेकरी करायचं, ह्याला विकास म्हणतात. मी ह्यावर पत्रक काढलं होतं. मामांनी ते घडी करून खाटेच्या डुगडुगत्या पायाखाली घातलं. "झ्याक बसलं बघ, सारके," म्हणाले.

मामांची पत्र्याची खोली गेटला लागून, आमचं घर तिच्या मागं. मालक कधीमधी येतो, पण त्याचं वायफाय कायम असतं. पाहुण्यांपैकी कुणीतरी मामांना हा खेळ शिकवला आणि निघून गेला. मामा राहिले.

मामा भित्रे आहेत. हे मी त्यांच्यामागं बोलत नाही, ते स्वतःच जाहीर करतात. बाकीच्या गिल्डचे प्रमुख लढाईआधी गर्जना करतात. आमचे प्रमुख म्हणतात, "लई भ्या वाटतंय गड्यांनो. म्हंजी काम सुरू झालं." मग पटका आवळून बांधतात. जेवढी भीती मोठी तेवढा पटका घट्ट. कपाळावरच्या वळावरून आम्ही शेजारी ओळखतो, आज राक्षस केवढा होता. आणि एकदा ड्रॅगन समोर आला की ठरलेले सगळे डावपेच विसरून मामा माइकवर मेंढरं हाकायला लागतात, "हुर्रर्र! हाऽऽ हा! फाकू नगा, फाकू नगा!" पौडच्या कल्पनाताई, ज्या दिवसभर दवाखान्यात नर्स असतात आणि आमच्यात जादूगार, त्या म्हणतात की हे ऐकलं की आपले पाय आपोआप कळपाकडे वळतात.

नवा माणूस त्रास द्यायला लागला तर काय करायचं, ह्यावर आमची कायमची भांडणं. माझं म्हणणं सरळ होतं. नोटीस द्या, ऐकलं नाही तर हाकला. मामा मान हलवायचे. "हाकललेलं जनावर दुसऱ्याचं शेत खातं. लोढणं बांधू."

द्वाड जनावराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवतात. ते पळायला लागलं की ओंडका गुडघ्यांवर आपटतो, म्हणून ते हळू चालतं. त्याला लोढणं म्हणतात. आमच्या गिल्डमधल्या लोढण्याचं नाव होतं बारकी.

बारकी ही आमची सगळ्यात दुबळी सभासद. झाडांवर आपटायची, नदीत पडायची, ऐन लढाईत मधोमध थिजून उभी राहायची. माइकवर कधी बोलायची नाही, फक्त लिहायची: "थांब", "दम लागला". जो कुणी दंगा करेल त्याला मामांचा हुकूम व्हायचा, "जा, बारकीला पल्याडच्या गावाला पोचीव." तिला सोडून पुढं गेलात की ती मेलीच, आणि ती मेली की मामा तुमची तलवार काढून घेणार.

मीही हे लोढणं वाहिलेलं आहे. आल्या आल्या मी गिल्डमध्ये निवडणूक मागितली होती ना! तर बारकीबरोबर खेळातल्या त्या वाटेवरच्या पुलापर्यंत जायचं म्हणजे एक युग. पण एवढं हळू चालताना माणूस बोलायला लागतो. टेकडीफोडीविरुद्ध मोर्चा काढला म्हणून मला पोलीस ठाण्यात बोलावलं तेव्हा मी किती घाबरले होते, हे मी आईला सांगितलं नव्हतं. बारकीला सांगितलं. तिने बराच वेळ घेऊन लिहिलं, "भ्या वाटतंय म्हंजी काम सुरू झालं." मला वाटलं, मामांचं वाक्य आता सगळ्या गिल्डला लागलंय.

तर ह्या गिल्डमध्ये दिवाळीनंतर तिघं शिरले. यमदूत, कवटी आणि डॉन. तिघंही झकास खोकले. मामा खूश झाले. "काय छाती हाय पोरांची!"

आठवडाभरात त्यांनी वाघरीची दैना केली. राक्षसांना चिथवून नवख्यांच्या अंगावर सोडायचं आणि हसायचं. सामायिक कोठारातली औषधं पळवून बाजारात विकायची. कल्पनाताईंना माइकवर असं काही बोलले की त्या दोन दिवस फिरकल्या नाहीत. लोक गळायला लागले. संध्याकाळी मामा नावं वाचायचे आणि मध्येच थांबायचे. "नागपूरवाली बी गेली व्हय?" त्यांचा आवाज तेव्हा कसा व्हायचा ते मी ऐकलंय. एक कळप हातातून गेलेल्या माणसाचा दुसराही चालला होता.

"खोक तर चांगला हुता गं," ते मला म्हणाले.

"मामा, खोकला चांगला आणि माणूस नालायक, असं असू शकतं!"

"मेंढरात नसतं तसं."

मी पाच मागण्यांची नोटीस लिहून गिल्डच्या फळ्यावर लावली. तिघांची तात्काळ हकालपट्टी ही पहिली. मामांनी त्यांच्या रीतीने केलं. यमदूत त्यातला सगळ्यात दांडगा, म्हणून त्याच्या गळ्यात बारकी बांधली. पहिल्या दिवशी त्याने तिला दरीत ढकललं. मामांनी त्याची तलवार काढून घेतली, दुसऱ्या दिवशी परत दिली आणि परत बारकी दिली. असं चालू राहिलं. यमदूत शिव्या देत चालायचा, पण चालायचा.

कवटी आणि डॉन मात्र ऐकेनात. शेवटी मीच मामांच्या खाटेशी जाऊन बसले आणि ते दोघं गिल्डबाहेर जाईपर्यंत उठले नाही. मामांनी पटका एवढा आवळला की डोळे बारीक झाले. हकालपट्टीचं बटण दाबण्याआधी कवटी माइकवर म्हणाला, "रिह्याला असतोस ना म्हाताऱ्या? निळं गेट. रविवारी येतो. मेंढरासारखा कापून जातो, बघच तू."

मामांच्या हातातला फोन खाटेवर पडला. यमदूतही तेव्हा माइकवर होता.

पत्ता कवटीला कुणी दिला? मामांनीच! प्रत्येक नव्या माणसाला ते सांगायचे, "रिह्याला आलात तर निळ्या गेटला या, ताक प्याया." ही आमची सुरक्षाव्यवस्था!

त्यानंतर मामा खेळात आले नाहीत. फोन बंद करून घोंगडीखाली ठेवला. गेटला आतून साखळी. टेकडीवरून गाडीचा आवाज आला की उठून उभे. मी म्हटलं, असले लोक नुसते बोलतात. पण निळं गेट त्यांना माहीत होतं, आणि आमचं घर त्या गेटच्या मागंच होतं.

रविवारी दुपारी मी मामांच्या खोलीवर जाऊन बसले. सोबत आमच्या मोर्च्याचा कर्णा नेला होता. मामांनी काठी काढली होती, कुत्रं मोकळं सोडलं होतं, आणि पातेलंभर ताक करून ठेवलं होतं.

"मामा, मारायला येणाऱ्यांना ताक?"

"आलंच तर तहानलेलं आसंल की."

उन्हं कलली तेव्हा मोटरसायकल आली. थेट गेटपाशी थांबली. इंजिन बंद झालं. मामांनी माझा दंड धरला होता. मी कर्णा तोंडाला लावला आणि ओरडले, "थांबा! पुढे याल तर खबरदार!"

कुत्रं पिसाळल्यासारखं भुंकायला लागलं. गेटच्या पलीकडे एक काडीसारखा पोरगा दोन्ही हात वर करून उभा होता. एका हातात हेल्मेट.

"ताई, कुत्रा... कुत्रा बांधा ना प्लीज."

"कोण तुम्ही?" हेही मी कर्ण्यातूनच विचारलं.

"ओंकार. म्हणजे... यमदूत."

हा यमदूत! परभणीचा, हिंजवडीत कामाला, चार जणांच्या खोलीत राहणारा. नजर कुत्र्यावरून हलत नव्हती.

"कवटी कुटंय?" मामांनी काठी न सोडता विचारलं.

"तो नाही येणार काका. तो पलंगावरून उठत नाही, नुसता बोलतो. मी वेगळ्या कामाला आलो." त्याने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "बारकीचा पत्ता पाहिजे होता."

मामांनी काठी खाली टेकवली.

"ती आलीच नाही हो त्या दिवसापासून. कवटीला काढायच्या जरा आधी आम्ही पुलावर होतो, तिने लिहिलं, दम लागला. मग एकदम गेली. मी रोज तिथंच थांबतोय. आजारी पडली का? एकटी राहते का ती? तुम्ही सगळ्यांचा खोकला ऐकलाय, तिचापण ऐकला असेल ना?"

"ती गावाला गेली आसंल," मामा म्हणाले. गेटची साखळी बघत म्हणाले.

"फोन तरी चालू असेल. थांबा, परत एकदा बघतो." त्याने खिशातून मोबाइल काढला, काहीतरी लिहिलं आणि पाठवलं.

मामांच्या खाटेवर, घोंगडीखाली, टिंग वाजलं.

मामांचा फोन बंद होता, तो मी स्वतः पाहिला होता. मी घोंगडी उचलली. त्या बंद फोनशेजारी दुसरा होता, मालकाने टाकून दिलेला, काच तडकलेला. त्यावर बारकी पुलाच्या चित्राशेजारी उभी होती आणि खाली अक्षरं होती: "कुठंयस? बरी आहेस ना?"

मामा माइकवर बोलायला लागले की बारकी का थिजायची, ते मला तेव्हा कळलं. एका माणसाने दोन हातांनी दोघं जण चालवायचे म्हणजे एक झाडावर आपटणारच.

मी रागाने काहीतरी म्हणणार होते. फसवणूक, विश्वासघात, असे शब्द माझ्या तोंडाशी तयारच असतात. ठाण्याची गोष्ट मी ज्या बारकीला सांगितली होती, ती ही होती! पण मामांनी पटक्याला हात घातला होता आणि तो आवळावा की सोडावा हे त्यांना उमजत नव्हतं.

"मेंढरं हुती तवा," ते कुणाकडे न बघता म्हणाले, "एखादं मागं ऱ्हायचंच. मग समदी थांबायची त्याच्यापायी. आता मी म्होरक्या झालोय. म्होरं असतो त्याला कुणी इचारत न्हाई, दम लागला का म्हून. बारकीला इचारत्यात." मग ओंकारकडे वळले. "आता तू सांगणार समद्यांना. जातील समदी."

हीच त्यांची खरी भीती होती. कवटीची त्यापुढं काहीच नव्हती. काठी कवटीसाठी होती, दुसरा फोन मात्र ह्या एका वाक्याला घाबरून लपवलेला होता.

ओंकारने हेल्मेट गाडीवर ठेवलं आणि गेटचा गज धरला. कुत्रं थकून खाली बसलं.

"काका," तो म्हणाला, "खोका बघू."

"आँ?"

"खोका, खोका. लाजू नका."

मामा खोकले. आधी चोरून, मग खरंच लागला तो खोकला, खोल, माळावरच्या थंडीचा, उभा जन्म छातीत साठलेला. ओंकार डोळे मिटून ऐकत होता.

"आत घ्या," तो म्हणाला.

मी साखळी काढली. तो दोन तांबे ताक प्याला, कुत्र्यापासून लांब बसून. दिवेलागणीच्या आत निघाला.

तो गेला तसे मामा गेटमध्ये उभे राहिले, तडकलेला फोन हातात घेऊन. पटका पुन्हा आवळला.

"आता कशाला, मामा?"

"टेकडीच्या वळणावर डंपर आसत्यात गं. लई भ्या वाटतंय."

त्या डंपरांवर माझं पत्रक आहे, पण तेव्हा मी त्याचा विषय काढला नाही. आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत तिथंच उभे राहिलो. मग फोन वाजला. मामांना चष्म्याशिवाय दिसेना, बारकीला आलेला निरोप मी वाचून दाखवला.

"पोचलो. पुलावर उभा आहे. ये हळूहळू."