फणीकारांची समुद्रापार स्वारी

सकल सज्जनांचे कानी घालणे ऐसें की, लाकडी फणीची इभ्रत रसातळास गेली असतां ती पुनः कैसी उभी राहिली, ती हकिकत जैसी घडली तैसी लिहिली आहे. पदरचे तिखटमीठ किंचित, तेंही चवीपुरते.

प्लास्टिकच्या फौजांनी बाजार काबीज केला, आणि गिऱ्हाईक फितूर जाहले, आणि खासे फणीकार गल्लीच्या टोकाशी एकखणी कारखान्यांत करवत धरून एकटेच झुंजत राहिले. मग बाईसाहेबांचे फर्मान सुटले की, यंदा मागणी न आल्यास कारखाना आवरावा आणि जावयाच्या दुकानी जाऊन बसावे. खाशांस हे मरणाहून वोखटे वाटले.

तेव्हां सूनबाईंनी मसलत केली, आणि मोबाईलवर फण्यांच्या तसबिरी काढून परमुलखांत धाडल्या, आणि समुद्रापलीकडची एक दुकानदारीण गळास लागली. माल डोळ्यांनी पाहीन, मगच बोलेन, ऐसें तिने कळविले. दोहींकडील बोली समजावणारा दुभाषी मोबाईलच्याच पोटांत होता. त्यास ना पगार, ना रुसवा. मग खाशांनी सर्वांत देखणी फणी नमुना म्हणून काढली, आणि ठेवणीतला सदरा चढवून खुर्चीवर स्थानापन्न जाहले.

दुकानदारीण पडद्यावर प्रगटली. खाशांनी फणी उचलली आणि हाताच्या खोडीने गालावरून फिरविली. कारण घरचा रिवाजच ऐसा की, जी गालास खुपेल ती विकूं नये, जागीच मोडावी. एक दांता खुपला. मग काय, कडाड्! नमुन्याचे दोन तुकडे, तेही दुकानदारणीच्या डोळ्यांदेखत!

“अहो, हे काय केलंत!” बाईसाहेब कडाडल्या. सूनबाईंनी कपाळास हात लाविला. खाशांचे तोंडचे पाणी पळाले, तरी पुटपुटले, “खुपत होती गं. खुपणारी कशी द्यायची?” दुभाष्याने आगाऊपणे तेंही पलीकडे पोंचविले.

मग पलीकडून हुकूम आला की, या गृहस्थांच्या गालावरून जितक्या सहीसलामत सुटतील, तितक्या सर्व पाठवाव्या. बाईसाहेबांनी डोळ्यांस पदर लाविला, आणि सूनबाई खुर्चीवर चढून नाचल्या.

पुढें खोकीच्या खोकी रवाना होऊं लागली, आणि दुकानदारणीने आग्रह धरिला की, फणी मोडण्याचा व्हिडिओ पाठवावा, लोकांस फार आवडेल. सूनबाई मोबाईल रोखून बसल्या. खासे एकेक फणी गालावरून फिरवीत गेले, आणि एकही खुपेना. “एखादी उगाच मोडा की!” ऐसी बाईसाहेबांची आज्ञा जाहली, ती खाशांनी लग्नानंतर प्रथमच साफ धुडकाविली.

सबब व्हिडिओ गेला नाही, माल तेवढा भरगच्च गेला. येणेंप्रमाणे परमुलूख फत्ते जाहला, हे दफ्तरी नमूद असे.