महादूकाकाच्या बाटल्या

आमच्या शेजारच्या महादूकाकाने रात्री बीट खाऊ घातलं, की सकाळी त्याला तुमची लघवी लागायची. बाटलीत भरून, बूच लावून.

देऊळघाटला मी मास्तर म्हणून नवा गेलो, तेव्हा हे कुणी सांगितलं नाही. मी आपलं वाटीभर बीट मिटक्या मारत संपवलं. सकाळी बघतो तर काका औषधाची रिकामी बाटली घेऊन दारात!

"भरा, मास्तर. लाजता काऊन? आतडं पाहू द्या तुमचं."

भरलेली बाटली त्याने उन्हात धरली. आत गुलाबी रंग. "पाझरून राह्यलं," तो हळहळला.

काका भाजीपाला पिकवायचा. त्याची बायको अनसाकाकू वर्षभर खंगत चालली होती. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. शहरातल्या डॉक्टरने तिला कसलंसं साखरेचं पाणी पाजून लघवी तपासली होती. पोटातलं लघवीत किती उतरतं, त्यावरून आतडं कळतं, एवढं काकाच्या डोक्यात पक्कं बसलं. पण साखर डोळ्यांना दिसत नाही, बीट दिसतं. झालं! लाल म्हणजे पाझरतं, पिवळी म्हणजे घट्ट. काकूची बाटली रोज लाल, आणि ती बघून काकाला सकाळचं जेवण जायचं नाही. दुसऱ्यांची कशी असते ते ताडून बघायला त्याने गावाला वेठीस धरलं. एका घरी मुलगी बघायला पाहुणे आले, तर हा मध्येच म्हणाला, "पोरीचं नाकडोळं काय पाह्यता? पोराची बाटली पाहा!"

सकाळी त्याच्या गडग्यावर बाटल्या मांडलेल्या असायच्या. ऊन त्यांतून आरपार जायचं आणि सारवलेल्या अंगणात गुलाबी, केशरी, पिवळे कवडसे हलायचे. कशाच्या बाटल्या ते ठाऊक असूनही मी दात घासता घासता तंद्री लावून बघत राहायचो. शाळेची घंटा झालेलीही कळायची नाही.

एके दिवशी काका ओरडतच आला. "मास्तर, पिवळी! अनसाची पिवळी!" त्याने माझ्या हातावर गूळ ठेवला. काकूला भेटावं म्हणून मी लगेच त्याच्यामागे निघालो.

परसात बकरी बांधलेली होती. तिचं तोंड दाढीपर्यंत लालभडक. काकूने आपल्या वाटणीचं बीट कुणाला घातलं, ते माझ्या लक्षात आलं. मी तोंड उघडणार, तोच काकाने माझा हात दाबला.

"मी पहाटेच पाह्यलं," तो हळूच म्हणाला. "मी जेवावं म्हणून केलं तिनं. हासली हो मास्तर, वर्षानं हासली. तिले कायले सांगू?"

त्याने उपरण्याचं टोक भिजवलं आणि बकरीचं तोंड पुसायला बसला.

"काय चाललं जी तिकडं?" आतून काकूने विचारलं.

"काही नाही. तुझं आतडं घट्ट झालं, ते मास्तरले सांगून राह्यलो. वाढ मले. भूक लागली."

त्या दिवशी दोघं एका ताटात जेवली.